नखांची साक्ष

दुखणाऱ्या माणसाला लोक बसायला खुर्ची देतात. खाजणाऱ्या माणसापासून मात्र दोन पावलं लांब सरकतात. प्रणोती आवटीनं हे बारा वर्षं बघितलं होतं. लग्नाच्या मांडवात बघितलं, शाळेच्या स्नेहसंमेलनात बघितलं, एसटीच्या बाकावर तर कितीदा तरी. तिची मुलगी शाल्मली तीन वर्षांची असल्यापासून तो चिवट आजार तिच्या अंगाला चिकटला होता. कातडी कोरडी पडायची, लाल व्हायची, जाड व्हायची आणि दिवसरात्र खाजायची. आणि आज इचलकरंजीच्या नव्या त्वचा केंद्रात समोर बसलेल्या डॉक्टरीणबाई सांगत होत्या की मुलीला खाज फारशी नाही.

"खाजांक नऊ आलाय," डॉ. नाझनीन तांबोळी म्हणाल्या. "इंजेक्शन मंजूर व्हायला निदान चाळीस लागतो."

"नऊ?" प्रणोतीनं शाल्मलीची बाही खसकन वर ओढली. कोपराच्या आतली कातडी काळवंडून जाड झाली होती, तिला भेगा पडल्या होत्या. "हे बघा की. हातच्या काकणाला आरसा कशाला लागतोय, डॉक्टर?"

"मला दिसतंय हो, प्रणोतीताई. पण मंजूर मी करत नाही. आकडा करतो."

शाल्मली दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसली होती. ती नेहमी तशीच बसायची. वर्गातल्या मुली तिला 'हातावरची बाई' म्हणायच्या.

आता ही आकड्याची भानगड काय ते सांगायला हवं. ताप मोजता येतो, साखर मोजता येते, पण खाज मोजता येत नाही. कातडीतल्या केसाहून बारीक मज्जातंतूंमधून ती निघते, मणक्यातून वर मेंदूत जाते आणि तिथं ती ज्याची त्यालाच कळते. जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे, असला प्रकार. पूर्वी डॉक्टर विचारायचे, शून्य ते दहामध्ये सांगा, किती खाजतंय? कुणी बेधडक दहा म्हणायचं, कुणी लाजून तीन. मग संशोधकांनी डोकं लढवलं. खाज दिसत नाही, पण खाजवणं दिसतं ना? त्यातून ती अंगठी निघाली. रात्री दोन्ही हातांच्या तर्जनीत एकेक घालून झोपायचं. नख कातडीवरून ओढलं की एक खास कंप बोटाच्या हाडातून वर चढतो. चादरीवरून ओढलं तर तो वेगळा असतो, केसांतून ओढलं तर आणखी वेगळा. अंगठी तो कंप ऐकते, हाताची हालचाल बघते आणि हजारो रुग्णांच्या रात्रींवरून शिकलेल्या अकलेनं ठरवते की हे खाजवणं, ती नुसती कूस बदलली. चौदा रात्रींची सरासरी म्हणजे खाजांक.

यंत्र चांगलं होतं, उगाच नावं ठेवण्यात अर्थ नाही. ढोंगी माणसं त्यानं उघडी पाडली, आणि ज्यांना बोलता येत नाही अशा तान्ह्या पोरांची बाजू मांडली. खोटं ते कधी बोललं नाही.

इंजेक्शनही तसंच जबरदस्त होतं. पाठीच्या कण्यापाशी एकदाच टोचायचं. औषध खाजेचे तंतू हुडकून त्यांना जन्मभरासाठी गप्प करायचं. पण औषध कडक, म्हणून ज्यांचं जगणंच खाजेनं खाल्लंय त्यांनाच ते मिळे. आणि मिळे तेही सोळा वर्षं पूर्ण व्हायच्या आत, कारण पुढं तंतूंची मांडणी पक्की होते आणि औषध वाट चुकतं. शाल्मलीच्या सोळाव्या वाढदिवसाला तीन महिनेसुद्धा उरले नव्हते.

"रात्री झोप लागते का तिला?" डॉक्टरांनी विचारलं.

"लागते की. मी लावतो ना," प्रणोती म्हणाली. तिकडच्या बायका स्वतःविषयी असंच बोलतात. मग ती अभिमानानं सांगू लागली. तळपायाला तूप चोळून काशाची वाटी घासतात, अंगातली उष्णता काढायला, तसली सासूबाईंची एक वाटी घरात होती. प्रणोती ती गार पाण्यात बुडवायची, पुसायची आणि पोरीच्या अंगावरून हळूहळू फिरवायची. हातांवरून, पाठीवरून, गुडघ्यांच्या मागून. मधूनच वाटी ठेवून नुसता तळवा फिरवायची. शाल्मलीला खाज सुटली की तिनं फक्त 'आई' म्हणायचं. आपला हात उचलायचा नाही. "नख लावायचं नाही, हा आमच्या घरचा नियमच आहे. लहानपणापासनं. तिनं तो कधी मोडला न्हाई, डॉक्टर."

डॉ. तांबोळींनी पेन खाली ठेवलं. "आणि रात्रीत कितीदा 'आई' म्हणते?"

"ते कोण मोजतंय?"

"तेच तर," डॉक्टर म्हणाल्या. "ते कुणीच मोजत नाही. अंगठी तिच्या बोटात आहे, प्रणोतीताई, आणि खाज तुमचा हात भागवतोय. तुम्ही पोरीला इतकं जपलंय की यंत्राला ती आजारीच दिसत नाही."

प्रणोतीला पहिल्यांदा ती शाबासकी वाटली. मग अर्थ डोक्यात शिरला आणि तिनं पोरीची वर ओढलेली बाही हळूच खाली केली.

मोजणी आणखी एकदाच करता येणार होती. त्या चौदा रात्री तिनं पोरीला हात लावायचा नव्हता. वाटी नाही, तळवा नाही, फुंकरसुद्धा नाही.

"म्हणजे पोरीनं ओरबाडून घ्यायचं? आणि मी बघत बसायचं?"

"असं मी म्हणू शकत नाही," डॉक्टर खिडकीकडे बघत म्हणाल्या. "आकडा तिच्या खऱ्या खाजेएवढा यायला हवा, एवढंच म्हणते."

घरी आल्यावर प्रणोतीनं नवऱ्याला सगळं सांगितलं. संग्राम सुताला खळ लावायच्या कारखान्यात होता, हिशेबी आणि सरळ माणूस. त्याला ते फार सोपं वाटलं. "मग वाटी बंद कर की. चौदा रात्री तर आहेत. पोरगी सुटंल जन्माची."

वाटी बंद झाली. शाल्मलीच्या खोलीचं दार लोटलं गेलं. पहिल्या रात्री प्रणोती डोळे टक्क उघडे ठेवून पडून राहिली. पोरगी तडफडेल, ओरबाडेल, म्हणून तिचा जीव खालीवर होत होता. सकाळी मोबाईलवर आकडा आला. चार.

आधीपेक्षाही कमी! प्रणोती धावत खोलीत गेली. शाल्मली मुठी आवळून, भिंतीला पाठ लावून बसली होती. डोळे सुजले होते. ती झोपली नव्हती आणि तिनं खाजवलंही नव्हतं. दुसऱ्या रात्री तेच झालं, तिसऱ्या रात्रीही तेच. शाळेतून आली की ताटावरच पेंगायची. बारा वर्षांचा नियम तिच्या हाडीमासी खिळला होता. 'नख लावायचं नाही' म्हणून आईनं जे मनापासून शिकवलं, ते पोरगी मनापासूनच शिकली होती.

मग संग्रामनं एक उद्योग केला. सकाळी तो अंगठ्या काढून घ्यायला म्हणून खोलीत गेला, त्या स्वतःच्या करंगळ्यांत अडकवल्या आणि पाठमोरा उभा राहून आपलीच मांडी कराकरा खाजवू लागला. अंगठी बोटातल्या रक्ताचे ठोके ओळखते हे बिचाऱ्याच्या गावीही नव्हतं. मोबाईल वाजला आणि त्यावर अगदी शुद्ध सरकारी मराठीत अक्षरं उमटली: 'परिधानकर्ता भिन्न आहे. सदर रात्र अग्राह्य. पुनरावृत्ती झाल्यास मोजणी रद्द.'

"काय केलंसा हे?" प्रणोती किंचाळली. "एक रात्र शून्यात गेली! आता उरलेल्यांत भरून काढायची कशी?"

"मग काय करू?" संग्राम पलंगावर मटकन बसला. उघड्या मांडीवर लाल ओरखडे उठले होते. "बाप हाय मी. माझी कातडी चालत न्हाई म्हणतंय ते. माझी घ्या की!"

त्याला रडताना प्रणोतीनं सासरे गेले तेव्हाच काय ते बघितलं होतं. ती त्याच्याजवळ बसली नाही. तिला वेळ नव्हता. आता जे करायचं ते आपल्यालाच करावं लागणार, हे तिला कळून चुकलं होतं.

रविवार आला. रविवारी दुपारी जेवणं झाली की शाल्मली नेलकटर घेऊन आईसमोर बसायची आणि हात पुढे करायची. नखं अगदी मुळापर्यंत कापली जायची, वर कानससुद्धा फिरायची. आजही ती येऊन बसली. प्रणोतीनं नेलकटर तिच्या हातातून काढून घेतलं आणि कपाटात ठेवून दिलं.

"नखं राहू देत."

"का गं?"

"खाजव, बाळा."

शाल्मली आईकडे बघतच राहिली. आईच्या तोंडून शिवी निघाली असती तरी ती इतकी दचकली नसती.

"मला येत न्हाई," ती हळूच म्हणाली.

"काय येत न्हाई?"

"खाजवायला. रात्री मी ठरवतो गं, की आता खाजवायचं. पण हातच जात न्हाई. हात उचलला की तू ओरडशील असं वाटतंय."

"मी ओरडत न्हाई. मीच सांगायलोय न्हवं?"

"तूच सांगितलंवतंस, नखानं विष पसरतंय म्हणून. मला स्वप्नं पडायची विषाची."

खोटंच होतं ते. लहान पोरीला दुसरं काय सांगणार? प्रणोतीनं शाल्मलीचा उजवा हात धरला, त्याची बोटं वाकवली आणि डाव्या कोपराच्या आत, तिथल्या त्या रापलेल्या कातडीवर टेकवली. पोरीचा हात ताठ झाला. प्रणोतीनं तो जोर लावून खाली ओढला. एकदा ओढला, दोनदा ओढला. तिसऱ्यांदा तिला ओढावा लागला नाही.

शाल्मलीचे डोळे मिटले. तिचे खांदे खाली आले, तोंड उघडं पडलं. इतका सुखावलेला चेहरा प्रणोतीनं आपल्या लेकीचा कधी बघितला नव्हता, वाढदिवसाला नाही, दिवाळीला नाही.

"आई गं," ती पुटपुटली, "किती बरं वाटतंय."

हे सुख आपण बारा वर्षं हिच्यापासून चोरून ठेवलं का, असा विचार प्रणोतीच्या मनात आला. तेवढ्यात कोपरातून रक्ताची बारीक रेघ उतरली. तिचा हात आपसूक पुढे गेला, लेकीचं मनगट धरायला. तो तिनं अर्ध्यातूनच मागं घेतला आणि उठून स्वयंपाकघरात गेली.

त्या रात्रीपासून आकडा चढू लागला. आणि लाज वाटावी अशी गोष्ट सांगायची तर आकडा चढला की प्रणोतीला आनंद व्हायचा. एका सकाळी मोबाईलवर साठ दिसले तेव्हा तिनं शिरा करायला म्हणून रवासुद्धा भाजायला घेतला. मग शाल्मलीच्या खोलीतली चादर धुवायला हातात आली. चादरीवर ठिकठिकाणी सुकलेलं रक्त होतं. तिनं गॅस बंद केला आणि रवा तसाच कढईत राहिला.

शाल्मली आता हातावर बसत नव्हती. जेवताना खाजवायची, बोलताना खाजवायची. मान, गळा, पोटऱ्या, सगळं सोलवटून निघालं होतं. पहिल्या रात्री वाया गेल्या होत्या, त्यामुळं चौदाव्या रात्रीपर्यंत सरासरी चाळिसाच्या थोडी अलीकडेच रेंगाळली. शेवटची रात्र भरघोस जायला हवी होती.

त्या रात्री प्रणोती अंथरुणाला पाठ टेकू शकली नाही. शाल्मलीच्या दाराबाहेर ती उभी राहिली. आतून आवाज येत होता, खवणीवर खोबरं खवताना येतो तसा, एका लयीत. बराच वेळ तो चालू होता. मग थांबला.

"आई."

प्रणोतीनं दाराची चौकट घट्ट धरली.

"आई, आता दुखायलंय गं. जरा ये की."

मागं संग्राम येऊन उभा राहिला होता. "जा," तो कुजबुजला. "जा आत. जाऊ दे ते इंजेक्शन. मरू दे."

"न्हाई," प्रणोती म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही. आत जावं, पोरीला कुशीत घ्यावं, पहाटेपर्यंत तिच्या अंगावरून हात फिरवावा, यापलीकडे तिला या जगात काहीही नको होतं. आणि नेमकं तेवढंच केलं असतं तर पोरीचं सगळं आयुष्य याच खोलीत, याच आवाजात जाणार होतं. ती हलली नाही. आतून पुन्हा हाक आली नाही. थोड्या वेळानं खवणीचा आवाज पुन्हा सुरू झाला आणि उजाडेपर्यंत चालला.

खाजांक एक्केचाळीस आला.

जखमा भरायला काही आठवडे गेले. मग डॉ. तांबोळींनी तिघांनाही बोलावून घेतलं. त्या थकल्यासारख्या दिसत होत्या.

"टोचायच्या आधी एक गोष्ट समजावून सांगणं माझं कर्तव्य आहे," त्या म्हणाल्या. "त्वचेत आणखी एका जातीचे तंतू असतात, खाजेच्या तंतूंचे अगदी शेजारी. दाब, ऊब, गारवा, टोचणं, हे सगळं दुसरीकडून जातं, त्याला धक्का लागत नाही. पण कुणी मायेनं हळूच हात फिरवला की तो फिरणारा हात कळतो आणि बरं वाटतं ना, ते दोन्ही हे तंतू नेतात. तान्हं मूल थोपटल्यावर निजतं ते यांच्यामुळं. औषधाला या दोघांतला फरक ओळखता येत नाही. खाज जाते, तेव्हा बहुतेक वेळा तेही जातं. चाळिसाची अट त्यासाठीच ठेवलीय. साध्या खाजेसाठी इतकं कुणी गमावू नये."

"परत येतंय का ते?" प्रणोतीनं विचारलं.

"आजपर्यंत कुणाचं आलेलं नाही."

प्रणोतीनं लेकीकडे बघितलं. बारा वर्षांत तिनं या पोरीला जे काही दिलं होतं ते सगळं हातानंच दिलं होतं. बोलण्यात ती कधी हुशार नव्हती. त्या शेवटच्या रात्रीबद्दलही ती अजून एक अक्षर बोलली नव्हती. पोरगी बरी झाली की जवळ घेऊ, पाठीवरून हात फिरवू, तिला आपोआप कळेल, असं तिनं मनाशी धरलं होतं.

शाल्मली स्वतःच्या हातांकडे बघत होती. "मला झोपायचंय, आई," ती म्हणाली. "रोज. सगळ्यांसारखं."

प्रणोतीनं सही केली.

खाज गेली. बघता बघता गेली, जणू कधी नव्हतीच. महिन्याभरात कातडीवर नवी लव आली. शाल्मली आडवी झाली की झोपायची ती थेट सकाळी उठायची. गालांवर मांस चढलं. तिनं बिनबाह्यांचा ड्रेस घेतला आणि मैत्रिणीच्या ताईच्या हळदीला तो घालून गेली, तेव्हा संग्राम दारात उभा राहून ती कोपऱ्यावरून वळेपर्यंत बघत राहिला. तपासणीत डॉक्टरांनी अंगठ्या पुन्हा एकदा घालून बघितल्या. आकडा शून्य होता, आणि यावेळी तो खरा होता.

एका दुपारी शाल्मली जमिनीवर बसून, पाटावर वही ठेवून अभ्यास करत होती. प्रणोती तिच्या मागं येऊन बसली. ड्रेसच्या मागच्या खोल गळ्यातून पाठ दिसत होती, स्वच्छ आणि गव्हाळ. प्रणोतीनं त्या पाठीवर तळवा ठेवला आणि हळूहळू खाली फिरवला.

"तू हाय होय?" शाल्मली म्हणाली. "मला वाटलं ओढणी लागली."

"कळतंय काही?"

"कळतंय की. हात आहे असं कळतंय." तिनं वहीत पुढचा आकडा मांडला. "बाकी काही न्हाई."

आता बोलल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. "शेवटच्या रात्री तू हाक मारलीस. मी झोपलो नव्हतो. दाराबाहेरच हुतो."

"माहितेय. दाराखालच्या फटीतनं तुझे पाय दिसत हुते."

"मग परत का न्हाई हाक मारलीस?"

"परत मारली असती तर तू आली असतीस," शाल्मली म्हणाली आणि तिनं वहीचं पान उलटलं.

प्रणोतीचे डोळे भरून वाहू लागले. माफ कर म्हणावं, पोरी तू माझीच आई झालीस म्हणावं, असं खूप काही तिच्या ओठांवर आलं. पण तिला शब्द कधी जमले नव्हते, ते आताही जमले नाहीत. तिचा हात मात्र लेकीच्या पाठीवरून फिरत राहिला, मानेपासून खाली, पुन्हा मानेपासून खाली, बारा वर्षं फिरला तसाच. शाल्मलीनं तिला थांबवलं नाही. ती गणितं सोडवत होती आणि आईचा हात अजून फिरतोय की थांबला, हे बघायला तिला मधून मधून मागं वळून पाहावं लागत होतं.